मद्रासचे दीपगृह त्या रात्री कुणासाठी तेवत होते?

७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावाचा भाग म्हणून चेन्नई बंदरात आणि कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात भोंगे वाजले. आज विशीत असलेल्या अनेकांनी युद्धाचा भोंगा पहिल्यांदा ऐकला तो त्या आठवड्यात. भोंगा म्हणजे काय, तो कुणासाठी, तो ऐकून नेमके काय करायचे, असे प्रश्न त्या निमित्ताने विचारले गेले. चेन्नईपुरते बोलायचे तर हे प्रश्न तिथे नवे नाहीत. भारताच्या मुख्य भूमीवरील ज्या थोड्या शहरांनी पहिल्या महायुद्धाचा तोफगोळा प्रत्यक्ष अनुभवला, त्यांत मद्रास अग्रभागी आहे. त्या रात्रीची हकीकत अनेकदा सांगितली जाते. मात्र ती बहुधा तोफांची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती मुळात संकेतांची हकीकत आहे: दिव्यांची, निशाणांची, तारांची, बिनतारी ठिणग्यांची, आणि तितकीच मौनाचीही.

मद्रासला नैसर्गिक बंदर कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम बंदराची बांधणी होईपर्यंत जहाजे किनाऱ्यापासून दूर उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि माणसे व माल मसुला नावाच्या, फळ्या काथ्याने शिवलेल्या होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येत. अशा ठिकाणी संकेत ही चैन नव्हती. लाटा फार उसळल्या असल्या तर किनाऱ्यावरून निशाण चढे आणि होड्यांची ये-जा थांबे. वादळाची चाहूल लागली की जहाजांना खोल समुद्रात निघून जाण्याची खूण होई. दिव्यांचा इतिहासही जुना आहे. पहिले दीपगृह १७९६ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातील एका इमारतीच्या माथ्यावर सुरू झाले. दुसरे १८४४ मध्ये ग्रॅनाइटच्या उंच स्तंभावर आले. तो स्तंभ उच्च न्यायालयाच्या आवारात अजून उभा आहे. १८९४ मध्ये दिवा थेट उच्च न्यायालयाच्या सर्वांत उंच मनोऱ्यावर गेला आणि १९७७ पर्यंत तिथेच राहिला. खाली न्यायदान आणि वर नौकानयन, अशी ही जगातील दुर्मीळ जोडी असावी. (मराठी वाचकांसाठी एक आडवळण: याच किनाऱ्यावर बरेच दक्षिणेला, तंजावरच्या सरफोजीराजे भोसले यांनी नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ १८१४-१५ च्या सुमारास बांधविलेला षट्कोनी बुरूज आहे. त्याचे स्थानिक नाव आजही ‘मनोरा’ असेच आहे.)

उच्च न्यायालयावरचा दिवा समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास मीटर उंचीवर होता. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून दिसेल याला भूमितीने घातलेली मर्यादा असते. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला सुमारे २.०८ ने गुणले की क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते. दिव्याची उंची पन्नास मीटर धरली तर ते अंतर सुमारे पंधरा मैल येते. जहाजाच्या पुलावर, पाण्यापासून दहा मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाचे स्वतःचे क्षितिज आणखी साडेसहा मैल दूर असते. दोन्हींची बेरीज एकवीस सागरी मैलांच्या आसपास होते, म्हणजे जवळजवळ चाळीस किलोमीटर. दिवा पुरेसा प्रखर असेल आणि हवा स्वच्छ असेल तर रात्रीच्या अंधारात एखाद्या कप्तानाला मद्रास नेमके कोठे आहे हे किनारा दिसण्याच्या कितीतरी आधी कळे. दीपगृहाचे सारे प्रयोजन तेच. परंतु हे गणित करणाऱ्या कप्तानाच्या जहाजावर कोणते निशाण आहे, हे दिव्याला कळत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा जर्मनीचे पूर्व आशियाई आरमार व्हाइस ॲडमिरल माक्सिमिलियन फॉन श्पे यांच्या आधिपत्याखाली पॅसिफिक महासागरात होते. त्यातील ‘एम्डेन’ नावाची हलकी क्रूझर कप्तान कार्ल फॉन म्युलर यांच्या विनंतीवरून वेगळी काढून हिंदी महासागराकडे पाठविण्यात आली. जहाज लहान, तोफा १०.५ सेंटिमीटरच्या आणि संख्येने दहा. मित्रराष्ट्रांच्या मोठ्या युद्धनौकेशी समोरासमोर गाठ पडली तर निभाव लागणे कठीण, हे म्युलर यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी सर्वांत आधी संकेतांशीच खेळ मांडला. एम्डेनला तीन धुराडी होती आणि ब्रिटिशांच्या ‘यार्मथ’सारख्या क्रूझरांना चार. कॅनव्हास आणि लाकडाचे चौथे, खोटे धुराडे उभारले गेले. त्या काळात दूरवरचे जहाज ओळखले जाई ते मुख्यतः त्याच्या बाह्याकृतीवरून, आणि बाह्याकृतीत प्रथम मोजली जात ती धुराडी. एका कापडी नळकांड्याने शत्रूचे जहाज मित्राचे होऊन गेले. युद्धाच्या तत्कालीन नियमांत हे बसत होते. तोफ डागण्यापूर्वी खरे निशाण चढविले की पुरे.

१० सप्टेंबरपासून बंगालच्या उपसागरात एकामागून एक व्यापारी जहाजे नाहीशी होऊ लागली. इंडस, लोव्हट, किलिन, डिप्लोमॅट, ट्रॅबॉक, क्लॅन मॅथेसन. एम्डेन आधी खलाशांना उतरवून घेई आणि मग जहाज बुडवी. पकडलेल्या जहाजांवर कोळसा मिळे, साबण मिळे, आणि वर्तमानपत्रेही मिळत. वर्तमानपत्रांत कोणते जहाज कोणत्या दिवशी कोठून निघणार याच्या याद्या नित्याप्रमाणे छापलेल्या असत. शांततेच्या काळात त्या याद्या व्यापाऱ्यांच्या सोयीच्या होत्या; सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांचा सर्वांत चोखंदळ वाचक एम्डेनच्या पुलावर बसलेला होता.

बुडणारे जहाज स्वतः संदेश पाठवू शकत नसे, कारण बहुतेक व्यापारी जहाजांवर बिनतारी यंत्रणा नव्हती. म्हणून कलकत्त्याला धोका कळला तो एका सुटलेल्या जहाजामुळे. ‘लोरेदानो’ हे इटालियन जहाज तटस्थ राष्ट्राचे असल्याने म्युलर यांनी त्याला जाऊ दिले, आणि त्याने वाटेत भेटलेल्या जहाजाला बातमी दिली. १४ सप्टेंबरला बातमी पसरली, वाहतूक थांबली, विम्याचे दर भडकले. पुढची खात्रीची खबर आली ती पूर्वेकडून. १८ सप्टेंबरला रंगूनच्या बाजूला एम्डेनने आपल्याकडील कैदी ‘डोव्हर’ या नॉर्वेजियन जहाजाच्या स्वाधीन केले आणि ते रंगूनला पोहोचले.

येथे थोडे थांबून आकडेमोड करावी असे मला वाटते, कारण मद्रासची चूक नेमकी या ठिकाणी आहे. शत्रूचे जहाज १८ तारखेला अमुक ठिकाणी दिसले, या माहितीचे आयुष्य किती? क्रूझर कोळसा वाचवीत ताशी बारा नॉटने चालली तरी दिवसाला २८८ सागरी मैल जाते. म्हणजे ज्या बिंदूवर ती दिसली त्याभोवती एक वर्तुळ काढावे आणि त्याची त्रिज्या दर तासाला बारा मैलांनी वाढवीत न्यावी. जहाज त्या वर्तुळात कोठेही असू शकते. वेळ दुप्पट झाला की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. चार दिवसांत त्रिज्या साडेअकराशे मैलांच्या आसपास जाते, आणि रंगून ते मद्रास हे सागरी अंतर साधारण हजार मैलांचे आहे. २२ सप्टेंबरला ते वर्तुळ मद्रासच्या किनाऱ्यावरून पुढे गेलेले होते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी गणितज्ञांना कामाला लावले गेले तेव्हा या वाढत्या वर्तुळाला रीतसर शास्त्राचे रूप मिळाले. परंतु त्यासाठी लागणारे गणित १९१४ मधील कोणत्याही शाळकरी मुलाला येत होते. नव्हती ती सवय: जुनी बातमी ही नुसती जुनी नसते, ती दर तासाला अधिकाधिक पसरट होत जाते, असे मानण्याची सवय. मद्रासने रंगूनची बातमी ‘एम्डेन रंगूनजवळ आहे’ अशी वाचली. ती ‘एम्डेन चार दिवसांपूर्वी रंगूनजवळ होती’ अशी वाचायला हवी होती.

म्हणून २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासचे दिवे लागलेले होते. उच्च न्यायालयावरचे दीपगृह नेहमीप्रमाणे तेवत होते. म्युलर यांना आपले स्थान निश्चित करण्यासाठी याहून अधिक काही नको होते. रात्री साडेनऊच्या सुमारास एम्डेन किनाऱ्यापासून सुमारे तीन हजार यार्डांवर, म्हणजे पावणेतीन किलोमीटरवर येऊन थांबली. तिने आपला प्रकाशझोत टाकला, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या उजळून निघाल्या आणि तोफा सुरू झाल्या.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय कळले असेल, याचा विचार पदार्थविज्ञानाच्या अंगाने करून पाहण्यासारखा आहे. तोफेच्या तोंडाची चमक तत्काळ दिसते. गोळा तोफेतून सेकंदाला सुमारे ६९० मीटर वेगाने निघतो. हवेच्या रोधाने तो मंदावत जातो, तरी पावणेतीन किलोमीटर कापायला त्याला पाचसहा सेकंद पुरतात. आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, त्याला आठ सेकंद लागतात. म्हणजे तोफेचा गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच गोळा येऊन फुटलेला असे. ज्या शहराला तोफेच्या आवाजाची ओळख वेळ सांगणारी तोफ म्हणून होती, तिथे त्या रात्री आवाज हा संकेत उरला नव्हता. तो घटनेच्या मागून येत होता.

अर्ध्या तासाच्या आत सुमारे सव्वाशे गोळे सुटले. टाक्यांनी पेट घेतला आणि सुमारे साडेतीन लाख गॅलन तेल जळाले. काही गोळे बंदरातील जहाजावर आणि शहरातील इमारतींवर पडले. निदान पाच माणसे मेली आणि आणखी काही जखमी झाली. किनाऱ्यावरील तोफांनी थोडे गोळे उलट डागले, ते एम्डेनला लागले नाहीत. निघून जाताना म्युलर यांनी संकेतांचा आणखी एक डाव टाकला. एम्डेन उत्तरेकडे निघाली ती किनाऱ्याच्या बाजूचे दिवे मुद्दाम दाखवीत. पुढे गेल्यावर सर्व दिवे मालवून तिने दिशा बदलली आणि ती दक्षिणेकडे, सिंहलद्वीपाच्या वाटेला लागली.

या हल्ल्याचे लष्करी मोल किरकोळ होते आणि ते म्युलर यांना ठाऊक होते. हिंदी लोकांचे लक्ष वेधावे, व्यापारात खळबळ उडावी, इंग्रजांच्या प्रतिष्ठेला धक्का बसावा, हा आपला हेतू होता असे त्यांनी नंतर नमूद केले. म्हणजे हा हल्ला स्वतःच एक संकेत होता. जळत्या तेलाची ज्वाळा दीपगृहाच्या दिव्याहून कितीतरी लांबवर दिसली, आणि तिचा अर्थ लावायला कुणाला सांकेतिक पुस्तक लागले नाही. ज्या आरमाराच्या भरवशावर साम्राज्य उभे होते ते मद्रासच्या दारात त्या रात्री नव्हते. पुढील दिवसांत हजारो लोक शहर सोडून गेले. अफवा पिकल्या. चेंपकरामन पिळ्ळै हे क्रांतिकारक त्या वेळी एम्डेनवर होते आणि त्यांनीच वाट दाखविली, ही दंतकथा अजूनही सांगितली जाते. तिला पुरावा नाही. त्या दिवसांत पिळ्ळै युरोपात होते. पण अफवा का टिकते हे समजण्यासारखे आहे: इतक्या अचूकपणे कुणी येतो म्हणजे त्याला आतून कुणीतरी मार्ग दाखविला असला पाहिजे, असे मनाला वाटते. मार्ग खरोखरच आतून दाखविला गेला होता. तो उच्च न्यायालयाच्या मनोऱ्यावरून दाखविला गेला होता, आणि तोही रोजच्या नियमाप्रमाणे. तमिळ बोलीत ‘एम्डन’ हा शब्द धूर्त, जबरदस्त, कुणाच्या हाती न लागणाऱ्या माणसासाठी रूढ झाला, आणि उच्च न्यायालयाच्या आवारभिंतीवर गोळा पडल्याची जागा दाखविणारी पाटी आहे.

मद्रासला या हकिकतीतून वगळले तर उरलेला भाग नौदलाच्या इतिहासात मोडतो. परंतु तो येथे सांगणे भाग आहे, कारण दोन्हींच्या मध्ये एक तार आहे, अगदी शब्दशः. मद्रास ते पेनांग ही समुद्राखालची तार १८७० च्या अखेरीस पडली. ती टाकणारी कंपनी पुढे ‘ईस्टर्न एक्स्टेन्शन’ या तार कंपनीत विलीन झाली, आणि त्याच कंपनीचे एक छोटे ठाणे हिंदी महासागराच्या मध्यावर, कोकोस द्वीपसमूहातील डिरेक्शन बेटावर १९०१ पासून होते. तिथून एक तार पर्थकडे, एक बटाव्हियाकडे आणि एक मॉरिशसच्या बाजूला रॉड्रिग्जकडे जात होती. साम्राज्याचे बोलणे या धाग्यांतून चाले. त्याची जाणीव दोन्ही बाजूंना होती. युद्ध जाहीर झाल्यावर अवघ्या काही तासांत, ५ ऑगस्टच्या पहाटे, ‘अलर्ट’ या ब्रिटिश केबल जहाजाने जर्मनीच्या समुद्रतारा तोडून टाकल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये म्युलर यांनी तोच उपाय उलट दिशेने योजला.

९ नोव्हेंबरच्या सकाळी एम्डेन डिरेक्शन बेटासमोर आली. तिने आपले कोळसावाहू जहाज ‘बुरेस्क’ याला बिनतारी संदेशाने हाक मारली, आणि ती हाक बेटावरच्या तारमास्तरांनी ऐकली. बिनतारी संदेशाचे हेच वैशिष्ट्य आहे: तार एकाच्या कानात बोलते, ठिणगी सर्वांच्या. त्यातही जर्मन टेलिफुंकेन कंपनीची यंत्रे विशिष्ट प्रकारच्या ठिणगीवर चालत आणि ऐकणाऱ्याच्या कानात तिचा सांगीतिक सूर उमटे. शब्द सांकेतिक असले तरी सूर लपत नसे. समोर चार धुराड्यांचे जहाज दिसत होते, पण एक धुराडे कापडाचे आहे हे नजरेने टिपले गेले. बेटावरून तत्काळ तारेने आणि बिनतारी यंत्राने संदेश सुटले: प्रवेशद्वारात अनोळखी जहाज, थोड्याच वेळाने, एम्डेन येथे आहे. एम्डेनने आपल्या ठिणग्यांनी हे संदेश दाबण्याचा प्रयत्न केला. लेफ्टनंट हेल्मुट फॉन म्युके पन्नासेक माणसे घेऊन उतरले. त्यांनी बिनतारी खांब पाडला, यंत्रे फोडली आणि पर्थकडे जाणारी तार तोडली.

बेटाच्या हाकेला ‘मिनोटॉर’ या ब्रिटिश क्रूझरने उत्तर दिले आणि ते एम्डेनवर ऐकू आले. सूर क्षीण होता. ऐकणाऱ्याने त्यावरून अंतर ताडले: दोनशे मैलांहून अधिक. अंदाज मिनोटॉरपुरता चुकीचा नव्हता. ती आदल्या दिवशीच आफ्रिकेच्या दिशेने निघून गेली होती. म्युलर यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की आपल्याला कित्येक तास मोकळे आहेत. ते ज्याला विसरले तो संकेत म्हणजे शांतता. बेटापासून पन्नासेक मैलांवरून त्याच वेळी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्याचा तांडा जात होता. १ नोव्हेंबरला ऑल्बनीहून निघालेली तीसहून अधिक वाहतूक जहाजे आणि त्यांचे रक्षक यांनी बिनतारी मौन पाळले होते. बोलणारी मिनोटॉर दूर होती. जवळ होती ती ‘सिडनी’, आणि ती बोलत नव्हती.

मद्रास आणि कोकोस येथल्या चुका मला सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात. सप्टेंबरमध्ये मद्रासला चार दिवस काही ऐकू आले नाही, म्हणून तिथे कुणी नाही असे ठरले. नोव्हेंबरमध्ये म्युलर यांच्या कानावर जवळचा आवाज आला नाही, म्हणून त्यांनीही तेच ठरविले. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या या सवयीवर तीन महिने राज्य केले, तोही शेवटी तिच्यातून सुटला नाही.

तांड्याच्या रक्षणाची सूत्रे त्या दिवशी ‘मेलबर्न’च्या कप्तानाकडे होती. तांडा उघडा टाकणे परवडणारे नव्हते. त्यांनी स्वतःचे जहाज न नेता सिडनीला पाठविले; जपानी युद्धनौका ‘इबुकी’ जाण्यास उत्सुक होती, तिला थांबविण्यात आले. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा एम्डेनवर प्रथम वाटले, आपलीच बुरेस्क येते आहे. खरे कळल्यावर किनाऱ्यावरच्या माणसांना भोंगा देऊन बोलावले, पण थांबायला वेळ नव्हता. म्युके आणि त्यांची माणसे बेटावरच राहिली. (ती पुढे ‘आयेशा’ नावाच्या जुन्या शिडाच्या जहाजातून निसटली आणि अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) सिडनीच्या सहा इंची तोफांपुढे एम्डेनचा निभाव दोन तासांपेक्षा कमी टिकला. म्युलर यांनी जळते, फाटलेले जहाज उत्तर कीलिंग बेटाच्या प्रवाळखडकावर चढविले.

यानंतरची घटना या सबंध हकिकतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. सिडनी बुरेस्कचा पाठलाग करून दुपारी चारच्या सुमारास परत आली तेव्हा एम्डेनच्या डोलकाठीवर जर्मन निशाण अजून फडकत होते. नाविक संकेतांच्या भाषेत फडकते निशाण म्हणजे लढाई चालू. कप्तान जॉन ग्लॉसॉप यांनी आंतरराष्ट्रीय संकेताची निशाणे चढवून विचारले, शरण येता काय? एम्डेनवरून हातातील निशाणाने, मोर्स लिपीत उत्तर आले: कोणता संकेत? संकेतपुस्तक नाही. एम्डेनची पुस्तके शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आधीच नष्ट करण्यात आली होती. सिडनीने तोच प्रश्न मोर्समध्ये केला आणि मग विचारले, माझा संकेत मिळाला काय? उत्तर आले नाही. ग्लॉसॉप यांनी पुन्हा तोफा डागल्या. मग निशाण उतरले, पांढरे कापड दिसले. त्या काही मिनिटांत आणखी माणसे मेली. एम्डेनवरील एकूण मृतांची संख्या १३० च्या वर गेली. सिडनीवर चौघे दगावले.

ग्लॉसॉप यांना दोष देणे सोपे आहे, आणि दोष देणारे तेव्हाही होते. पण संकेतपुस्तक नष्ट करण्याचा जर्मन नियम उगाच आलेला नव्हता. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ‘माग्डेबुर्ग’ ही जर्मन क्रूझर बाल्टिक समुद्रात, आजच्या एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ रुतली, तिची संकेतपुस्तके रशियनांच्या हाती लागली, आणि त्यांतील एक लंडनला पोहोचल्यावर ब्रिटिश नौदलाचा ‘रूम ४०’ हा विभाग जर्मन आरमाराचे संदेश वाचू लागला. एक पुस्तक वाचल्याने काय होते हे तिथे दिसले. एक पुस्तक जाळल्याने काय होते हे उत्तर कीलिंगच्या खडकावर. ज्या साधनाने शत्रूपासून गुपित राखायचे, त्याच साधनाने शत्रूला ‘थांबा’ म्हणायचे असते, ही अडचण एम्डेनपुरती नव्हती.

मद्रासची पुढची परीक्षा अठ्ठावीस वर्षांनी झाली. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा, ९ एप्रिलला त्रिंकोमाली. या वेळी शहराला सर्व संकेत शिकविलेले होते. खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांना टोप्या आल्या. भोंग्याची भाषा दोनच शब्दांची होती: चढउतार करणारा सूर म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. ही निवड ऐकण्याच्या शास्त्राला धरून होती. गोंगाटात स्थिर सूर हरवतो, पण बदलणारा सूर कान सोडत नाही. आणि जगण्यासाठी पहिला शब्द ऐकू येणे दुसऱ्यापेक्षा अधिक गरजेचे असते.

यंत्रणा चांगली होती. बातमी चुकीची होती. जपानी आरमार मद्रासच्या रोखाने येत आहे अशा वृत्तांवर विश्वास ठेवून सरकारी कचेऱ्या आतील भागातील गावी हलविण्यात आल्या. सरकारच निघाले म्हटल्यावर लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. रेल्वे स्थानके ओसंडून गेली, पेठा ओस पडल्या. भोंग्याहून मोठा संकेत ठरला तो सचिवालयातून बाहेर पडणारी कागदपत्रांची खोकी. बाँब पडून पिंजरे फुटले तर काय, या भीतीने प्राणिसंग्रहालयातील हिंस्र जनावरे गोळ्या घालून मारण्यात आली. जपानी आरमार मात्र त्रिंकोमालीनंतर मागे फिरलेले होते.

प्रत्यक्ष बाँब आले ते ऑक्टोबर १९४३ मध्ये, एका एकट्या विमानातून. तोपर्यंत गेलेल्यांपैकी पुष्कळजण परतले होते, कचेऱ्या पुन्हा सुरू होत्या, आणि नुकसान १९१४ च्या त्या रात्रीच्या तुलनेत अगदी किरकोळ झाले.